आत्ता, तासाभराने किंवा नको

मी : सदतीस टक्के.

आत्या : मघाशीही सदतीसच होतं.

मी : मघाशी छत्तीस होतं, आत्या. गोगलगाय का होईना, चालतेय ना?

आत्या : कुठे चाललीय तेही सांग मग. माझ्या दुकानावरूनच चाललीय ती.

आजोबा : मी फक्त कॉम्प्युटर बंद केला. चौतीस वर्षं कारखान्यात हेच केलं. जेवायला उठायचं, तर मशीन बंद करून उठायचं.

आत्या : बाबा, हा कॉम्प्युटर मी दोन वर्षांत एकदाही बंद केला नव्हता.

आजोबा : दोन वर्षं! आणि मशीनला विश्रांती?

आत्या : स्क्रीन बंद करायचे ना मी. तो झोपायचा, मी घरी जायचे. पण बंद केला की हा सोहळा सुरू होणार, हे ठाऊक होतं मला.

मी : आजोबा, तुम्ही दाबलंत त्यावर नुसतं 'बंद करा' नव्हतं. 'अपडेट करा आणि बंद करा' होतं.

आजोबा : मला दोन्ही कामं चांगलीच वाटली.

मी : मग परत चालू कुणी केला?

आजोबा : मीच, हात धुऊन आल्यावर. बघतो तर सगळं निळं, आणि खाली लिहिलंय, 'कॉम्प्युटर बंद करू नका.' चौतीस वर्षांत एकाही मशीनने मला उलटून सांगितलं नव्हतं!

मी : एकेचाळीस! उडी मारली, उडी!

आजोबा : पण अपडेट म्हणजे सुधारणाच ना? त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?

आत्या : माझं भरतकामाचं सॉफ्टवेअर अकरा वर्षांचं आहे. ज्यांनी बनवलं ते केव्हाच गाशा गुंडाळून गेले. नव्या सिस्टिमवर ते उघडतच नाही. समोरच्या गणवेशवाल्या बाईंचं असंच झालं. डिझाइन सगळी आत, आणि उघडायला काही नाही. पेटी आहे, किल्ली विहिरीत.

आजोबा : तुझी किती आहेत आत?

आत्या : नऊशे. एकेक टाका मी बसवलेला.

मी : आणि आमच्या जर्सी! रिलेच्या चार मुली, चार नावं, उद्या सकाळी शर्यत. शेवटचा टप्पा मी धावणार आहे, आजोबा. अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय, की नावं माझी आत्या भरणार. आता पाठीवर काय, चिकटपट्टी लावून धावू?

आत्या : तुझ्या पाठीचं सोड, इथे माझ्या पोटावर आलंय! रोज यायचा हा अपडेटचा चौकोन माझ्यापुढे. 'आत्ता करू की तासाभराने?' 'नको' असं बटणच नाही. मग मी रोज तासाभराने, तासाभराने करत दोन वर्षं काढली.

मी : दोन वर्षं टोलवलंस त्याला? पप्पांना सांगते. ते म्हणतात, ताई भोळी आहे.

आजोबा : म्हणजे कॉम्प्युटर तू घेतलास, टेबल तुझं, वीज तुझी, आणि तो तुला मुदत देतो? उद्या भाडेकरू येऊन घरमालकाला म्हणेल, 'तुमची भिंत पाडतोय. आत्ता पाडू की तासाभराने?'

मी : कसलं भारी बोललात!

आत्या : भारी काय? त्यांनाच विचार, माझी दोऱ्यांची रिळं कुणी हलवली.

आजोबा : हलवली नाहीत. नीट लावली, नंबराप्रमाणे. आता कुणालाही सापडतील.

आत्या : कुणालाही सापडतील, मला सोडून! ज्या रंगाला जो रंग लागतो तो त्याच्या शेजारी, अशी होती ती. डोळे मिटून हात जायचा माझा. विचारलंत मला?

आजोबा : त्यात विचारायचं काय?

आत्या : तुम्ही राहायला येऊन पंधरा दिवस झाले. कात्र्या खिळ्यांवर टांगल्या गेल्या. माझी खुर्ची खिडकीपासून भिंतीकडे गेली. आणि काल मी चहा प्यायला कप घेतला, तर त्यात पेन्सिली!

आजोबा : तुझ्याच भल्यासाठी केलं.

मी : आजोबा, एक सांगू? रागवणार नाही ना?

आजोबा : ऐकल्यावर ठरवतो.

मी : तुमचंही अपडेटच चाललंय. फक्त टक्के दिसत नाहीत.

आत्या : ए शहाणे! आजोबांशी असं बोलतात?

आजोबा : असू दे. ... किती झालं असेल म्हणतेस?

मी : नव्वद. पडदे तेवढे राहिलेत.

आजोबा : पडद्यांचं माप कालच घेतलं मी.

(स्क्रीन काळी होते. बऱ्याच वेळाने पुन्हा उजळते.)

मी : झालं! 'नमस्कार' म्हणतोय.

आत्या : घर लुटायचं आणि वर नमस्कार!

मी : आत्या, तुझं सुईचं चित्र आहे बघ कोपऱ्यात! उघड ना.

आत्या : तू उघड. मी मागे उभी राहते.

मी : उघडते. ... अं.

आजोबा : अं काय? वाच.

मी : 'हा प्रोग्रॅम या सिस्टिमवर चालणार नाही. निर्मात्याशी संपर्क साधा.'

आत्या : साधा म्हणे. गेलं सगळं. नऊशे.

आजोबा : पोरी, मी हात लावायला नको होता गं.

मी : थांबा, थांबा, रडायचं नंतर! शाळेच्या लॅबमध्ये झालं होतं असं, आमच्या मॅडमनी जुनं परत आणलं होतं. सेटिंग्जमध्ये कुठेतरी... हे नाही... हे पण नाही... सापडलं! 'आधीच्या आवृत्तीवर परत जा.' दहा दिवसांच्या आत चालतं. दाबते! नाही, थांब. आत्या, दाबू?

आत्या : विचारतेस काय, दाब!

मी : कुणीतरी विचारायला हवं ना आज. दाबलं. आता हाच विचारतोय, परत का जाताय? कारणं दिलीत. 'नवं रूप आवडलं नाही', 'हळू चालतं', 'इतर'.

आजोबा : इतर. लिही.

मी : काय लिहू?

आजोबा : 'आम्हाला विचारलं नव्हतं.'

मी : एवढंच?

आजोबा : पूर्णविराम दे. ठसठशीत.

मी : बाप रे, आता म्हणतो, 'जाण्याआधी एखादं नवं अपडेट आहे का, पाहता का?'

आत्या : लाज नाही याला!

मी : पण आत्या, इथे 'नको' आहे! 'नको, धन्यवाद.'

आत्या : सरक. हे मी दाबणार. दोन वर्षं वाट बघितलीय. धन्यवाद मात्र त्याचे त्याने ठेवावेत.

मी : सुरू झालं! अर्धा तास म्हणतो. आजोबा, हात?

आजोबा : खिशात आहेत.

मी : दहा टक्के.

आजोबा : अजून खिशातच आहेत.

मी : साठ.

आत्या : आकडे सांगू नकोस गं, मी डोळेच मिटून बसते.

मी : मग हा नाही सांगत. हाही नाही. ... आत्या, डोळे उघड. तुझं जुनं हिरवं डोंगराचं चित्र आलंय. आणि सुई... उघडली! नऊशेच्या नऊशे!

आत्या : आधी ती इंटरनेटची वायर काढ. उद्या सगळ्या डिझाइनची दुसरीकडे प्रत करून ठेवू. आण तुझी जर्सी. लाल रीळ दे... बाबा, लालचा नंबर काय? मला रंग माहीत आहेत, नंबर नाही.

आजोबा : हे घे. ... ऐक ना. रिळं पुन्हा तुझ्यासारखी लावून देऊ? आत्ता, तासाभराने किंवा नको. तिन्ही आहेत.

आत्या : तासाभराने.

आजोबा : तुझं तासाभराने म्हणजे दोन वर्षं ना?

आत्या : नाही, बाबा. चार जर्सी.