हाक आशाबाईलेच आली

प्रीतम : ते राहू द्या काकू. आधी सांगा, गुडघे कसे आहेत आता?

आशा : कोनाचे?

प्रीतम : तुमचे.

आशा : माह्या गुडघ्याइले काय झालं? सकाळीच इतवाऱ्यातून भाजीची थैली घेऊन पायी आली मी.

प्रीतम : मग ऑपरेशन?

आशा : कायचं ऑपरेशन, पाळकसाहेब?

शांतवन : प्रीतम, चहा निवतोय तुमचा.

प्रीतम : एक मिनिट काका. चिखलदऱ्याच्या वरच्या मिशनच्या दवाखान्यातून सिस्टरांचा फोन होता मला. म्हणाल्या, आशाबाई बाळंतपणाच्या कामाला येणार म्हणून मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती, पण घरून निरोप मिळाला की दोन्ही गुडघे गेले, डोंगरात राहणं जमणार नाही. मी मंडळीचा पाळक, अन् मलाच माहीत नाही. म्हणून म्हटलं, भेटून यावं.

आशा : घरून कोनं देल्ला निरोप?

प्रीतम : आता... घरात तुम्ही दोघंच ना, काकू.

शांतवन : मी दिला.

प्रीतम : मी निघतो. रविवारी उपासनेत काकूंना निरोप द्यायचा होता. मंडळीचे पंच म्हणून प्रार्थना काकांनीच करावी, असं ठरवलं होतं आम्ही. काय ते कळवा.

आशा : चहा पिऊन जा बाबू. चहाचा काय दोष?

(प्रीतम गेल्यावर.)

आशा : बोला.

शांतवन : काय बोलू? तुझ्या वयाचा विचार केला मी. वर रस्ता धड नाही, फोन कधी लागतो, कधी नाही. आणि तू निवृत्त झालीस की अकोल्याला आरतीजवळ जायचं, हे आपलं ठरलेलं होतं.

आशा : लेकीले मी विचारलं. ते म्हने, आई तू खुशाल जा, मी सुट्टीत लेकरं घेऊन येईन. अन् वयाचं म्हनान तं, शाळेतून रिटायर झाल्यावर तुमी मिशनले अर्ज केला होता. तवा वय नाई दिसलं?

शांतवन : तो माझा प्रश्न होता.

आशा : अन् हा माहा आहे.

शांतवन : देवाचं पाचारण म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? स्वप्न पडलं? आवाज ऐकलास? प्रार्थनेत काही दिसलं?

आशा : नाई.

शांतवन : मग?

आशा : नाताळात वरून आल्यापासून सकाळी उठलं का वाटते, तिथी कोनी आपली वाट पाहून राहिलं. जेवताना वाटते, कपडे वाळू घालताना वाटते. बस. हाक तं तुमी लोकं म्हनता. मी इतकंच म्हनलं, मले जायचं आहे.

शांतवन : नाताळात तू माझा डबा सांभाळायला आली होतीस. माझी साखर वाढते म्हणून.

आशा : हाव.

शांतवन : उपदेश माझा होता. दोन महिने तयारी केली होती. कोरकूत बोललो मी तिथल्या आदिवासींशी, कोरकूत! शाळेतल्या शिपायाजवळ बसून किती वर्षं शिकलो. आणि ऐन मध्यावर ती दिवस भरलेली पोरगी कण्हायला लागली. तू उठलीस, तुझ्यामागे बायका उठल्या, बायकांमागे पुरुष. माझ्यासमोर एक म्हातारा उरला, तोही झोपलेला.

आशा : अवो, लेकरू पायाळू होतं. उपदेश संपायची वाट पाहात बसली असती का मी?

शांतवन : तसं नाही म्हणत.

आशा : मंग कसं म्हनता?

शांतवन : दुसऱ्या दिवशी तू तिथल्या म्हाताऱ्या बायकांसोबत शेकोटीला बसली होतीस. कोरकूचा एक शब्द येत नाही तुला. तरी त्या तुझ्याशी बोलत होत्या. मी आलो, शुद्ध कोरकूत विचारलं, पीकपाणी कसं आहे. गप्पच झाल्या. पदर सावरून बसल्या.

आशा : मले हासत होत्या त्या. त्याइचे शब्द बोलाले गेली का माहं तोंड वाकडंतिकडं होये. हासलं का मानूस बोलते.

शांतवन : मला कोणी हसलं नाही.

आशा : तुमाले कोन हासन? तुमी मास्तर.

शांतवन : चाळिशीत अर्ज केला, तर म्हणाले, मुलगी लहान आहे, संसार बघा. शाळा सुटल्यावर केला, तर उत्तरसुद्धा नाही. मंडळीत उपदेश केले, आजाऱ्यांच्या उशाशी बसलो, उपास धरले. रोज पहाटे याच खोलीत एकच मागितलं, मला पाठव. आणि तू पलीकडे घोरत असायचीस.

आशा : सरकारी दवाखान्यातली नाइट करून येत होती मी.

शांतवन : मग घोरणारीला कसं बोलावलं?

आशा : हळू बोला. शेजारी आवाज जाते.

शांतवन : जाऊ दे! मागत मी होतो, आशे. मी होतो मागत! मंग मले कावून नाई? तुलेच कावून?

आशा : मले नाई माहीत.

शांतवन : सिस्टरचा फोन आला तवा मले वाटलं, माह्यासाठीच आला. छाती अशी भरून आली. हाव, मीच शांतवन, म्हनलं. अन् त्या म्हने, भाऊ, जरा आशाबाईले द्या. तू आंघोळीले गेल्ती. अन् माह्या तोंडातून निघून गेलं, तिचे गुडघे गेले म्हनून.

आशा : मले नंतर बी नाई सांगतलं.

शांतवन : रोज सांगणार होतो.

आशा : अन् मी रोज फोनची वाट पाहून राहिली होती. मले वाटलं, त्याइले दुसरी कोनी भेटली असन. जवान, शिकेल. देवाले बी वाटलं असन, हे म्हातारी नेऊन काय करू. इथीच बसून भाजी निवडत होती मी, अन् तुमी पाहात होते.

शांतवन : हो. पाहत होतो.

आशा : बरं वाटलं?

शांतवन : पहिल्या दिवशी वाटलं.

आशा : अन् मंग?

शांतवन : मग प्रार्थना होईना. पहाटे उठून बसतो, पण तोंडात शब्दच येत नाही.

आशा : आता मी काय करू? भांडू तुमच्यासंगं?

शांतवन : भांड.

आशा : नाई. राग तं लय आला मले. पन मी भांडली का तुमी माफी मागान, मी रडीन, अन् दिवा लागेपर्यंत आपुन अकोल्याले जायचं ठरवून बसू. मले ठाऊक आहे आपलं. फोन लावा.

शांतवन : कोणाला?

आशा : सिस्टरले. मी नाई लावनार. निरोप तुमी देल्ला, तुमीच परत घ्या.

शांतवन : ...हॅलो. सलाम, सिस्टर. अमरावतीहून शांतवन बोलतोय... नाही, ऑपरेशन नाही. काही झालेलं नाही तिला... नाही, आधीही नव्हतं. मी खोटं बोललो... कारण? काय सांगू सिस्टर. हेवा वाटला मला तिचा... हो, बायकोचा... हो. इथंच आहे ती... सांगतो... मी? नाही... नाही सिस्टर, नको. सलाम.

आशा : काय म्हने?

शांतवन : खोली अजून कोणाला दिलेली नाही. सोमवारी ये म्हणाल्या. जाड पांघरूण आण, वर गारठा फार आहे.

आशा : अन् तुमाले काय विचारलं?

शांतवन : तुम्हीही येता का म्हणून.

आशा : मंग नाई कावून म्हनलं?

शांतवन : त्या मला राहायला बोलावत होत्या. कामाला नाही.

आशा : मंग राहा नं.

शांतवन : आत्ता नको. आत्ता आलो तर तुझ्याकडे किती माणसं येतात आणि माझ्याकडे किती, हेच बघत बसेन मी.

आशा : अन् रविवारची प्रार्थना?

शांतवन : प्रीतमलाच करू दे. मी मागच्या बाकावर बसतो.

आशा : बरं.

शांतवन : परतवाड्यापर्यंत येतो मी सोमवारी. वरची गाडी तुझी तू धर.