कान काढून घेतलेलं पोर्टल

आदरणीय अध्यक्ष महोदय, रुग्णालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, डॉक्टर, परिचारिका, संगणक विभागातली सगळी मुलंमुली, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आमची कानवाली,

एका रुग्णाची पत्नी म्हणून मला चार चांगले शब्द बोलायला बोलावलंय. बोलते. गोड असतीलच असं नाही.

हिला कानवाली का म्हणतात? जेवायच्या सुट्टीतही ही लिसनरचंच बोलायची म्हणून. रुग्णांचे अहवाल संगणकावर दाखवणारं रुग्णालयाचं पोर्टल ही सांभाळायची, आणि लिसनर म्हणजे त्या पोर्टलचा कान. पासवर्ड घालून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ तुमचा, त्याला सेशन म्हणतात. कोण आलं, कोण गेलं, ते हा कान ऐकतो. पडद्यावरच्या एका खिडकीतून तुम्ही बाहेर पडलात, की उघड्या राहिलेल्या तुमच्या बाकीच्या खिडक्याही लगेच पुसून टाकतो. मी शाळेत फार शिकले नाही, घरी बसून वाचत गेले. पण यात न कळण्यासारखं काय आहे?

पोर्टलच्या उद्घाटनाआधी तो कान बंद केला गेला. पुन्हा चालू करायचं कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर प्रतीक्षालयातल्या संगणकावर मी आमच्या ह्यांचा अहवाल पाहिला. आता फार काळ नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलंच होतं. ह्यांना मी सांगणार होते. कोणत्या शब्दांत, ते मनात जुळवत होते. बाहेर पडायचं बटण दाबलं, नीट बाहेर पडले, उठले. मागे अहवालाची दुसरी खिडकी उघडीच राहिली, आणि माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसली आमची शेजारीण.

संध्याकाळी जिन्यात ती ह्यांना म्हणाली, "भाऊ, धीर धरा हो. डॉक्टर काय, काहीही लिहितात."

"काय लिहिलंय?"

ती पदर सावरत भराभर वर निघून गेली. तेवढ्यावरून ह्यांना कळलं. घरात येऊन चपला काढता काढता मला म्हणाले, "अगं, जिन्याला माहीत झालं. मीच तेवढा मागे राहिलो." आणि हसले. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण ते हसणं घरातून जात नाही.

शेजारणीवर माझा राग नाही. समोर आलेलं कोण वाचत नाही? माझा राग कुठे आहे ते सांगते.

संचालक साहेब, मी तुमच्या खोलीत आले होते, आठवतंय? तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, "मावशी, तांत्रिक बाब आहे. पाहुण्यांसमोर पोर्टल अडखळत होतं, म्हणून तो लिसनर मीच काढायला लावला. संगणक विभागातली ती कानवाली तर नकोच म्हणत होती." मावशीला काय कळणार, असंच ना? मग खिडकी उघडी कशी राहिली याच्या चौकशीत दोष हिच्या माथी कसा आला? आत्ता मानपत्रात वाचलंत, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा'. कुणाचं वैयक्तिक, साहेब? हिचं की तुमचं? दुसरीकडे नोकरी मागायला गेली की हिला पहिला प्रश्न त्या चौकशीच्या अहवालाचाच विचारतात. उत्तर हिने काय द्यावं?

जायच्या आधी हिने कान परत बसवला. परवा मी त्याच खुर्चीवर बसून दोन खिडक्या उघडल्या, एकीतून बाहेर पडले. दुसरी तिथल्या तिथे कोरी झाली. एवढंच हवं होतं हो. त्या दिवशी एवढं झालं असतं, तर ह्यांना ते माझ्या तोंडून कळलं असतं, त्यांचा हात माझ्या हातात असताना.

पोरी, तुझे आभार. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, मानपानात कुणी राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. जे घडलं तसं सांगितलं, त्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

साहेब, लिसनर कुणी काढायला लावला, ते तुम्ही या सभेपुढे सांगा. माईक मी बंद करत नाही. तुमच्यासाठी चालू ठेवून खाली बसते.