सिमेंट कुणी थापलं?

...नाही, पण मी म्हणतो, घरात विचारायला माझं काय जात होतं? तुम्हाला सांगतो, दोन वर्षं मी शिकतोय काय, तर 'ऐतिहासिक वास्तूंचं शाश्वत जतन'! पदव्युत्तर! म्हणजे जुनी इमारत पाडायची नाही, तिच्याच जातीचा माल वापरून सांभाळायची. आणि माझे वडील कोण? गवंडी! चाळीस वर्षं! आता बोला! पण विषय कुठला, इमारत कुठली, घरी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, त्यांना काय कळणार त्यातलं?

प्रबंधाला घेतलं जुनं वाचनालय. भिंती चुन्याच्या, वर कुणीतरी सिमेंटचा गिलावा थापलेला, ओल आत कोंडलेली, विटांचा नुसता भुगा... मला असा चेव आला! लिहिलं, 'हे काम करणाऱ्याला ना भिंत कळली, ना स्वतःचा धंदा!' वाक्य इतकं आवडलं की सादरीकरणात पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत टाकलं. आणि हौसेनं वडिलांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, पहिली रांग!

वाक्य झळकलं, वर्ग हसला. आमच्या बाई म्हणाल्या, "कोण हो हे महाशय?"

पहिल्या रांगेतून हात वर. "मी."

अहो, पायाखालची जमीन सरकली! विचारायला काय जात होतं माझं?

वडील शांतपणे उठले. "साहेब म्हणाले, सिमेंट लाव. मी म्हटलं, चुन्याची भिंत आहे, गुदमरेल. ते म्हणाले, लावतोस की दुसरा बघू? हा तेव्हा पाळण्यात होता. लावलं. अजून तिथून मान खाली घालून जातो."

सांगा, कुठं तोंड लपवू? मी पुस्तकांतून उकरून काढलेलं त्यांना तेव्हाच ठाऊक होतं! बाईंनी खुर्ची ओढली, "बसा ना, चुना किती दिवस मुरवायचात?" झालं! वडील बोलतायत, सगळे लिहून घेतायत, आणि मी ते वाक्य घालवायला बटणं दाबतोय, तर यंत्र अडकलेलं! तासभर तेच वाक्य, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर!

घरी येताना म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." तर म्हणतात, "अक्षर छान मोठं होतं रे. चष्म्याशिवाय वाचता आलं."

अरे, दोन शिव्या तरी हासडायच्या! विचारायला काय जात होतं माझं?

प्रबंध? परत आला. बाईंचा शेरा, 'वडिलांना विचारून पुन्हा लिहा.' विचारलं. ते म्हणाले, "लिहिणं राहू दे, छिन्नी घे." रीतसर परवानगी काढली, आता रोज सकाळी आम्ही दोघं तो गिलावा उतरवतोय. आठवड्यात हातभर निघाला.

भिंती चौदा आहेत.