शेरा

नाही हो, भांडलेलो नाही आम्ही! इथं जेवायला जो येतो तो तेच विचारतो, वहिनी तिकडच्या टेबलावर आणि तुम्ही इकडे, काय बिनसलं काय... काही बिनसलेलं नाही. ती आपल्या शब्दाची पक्की आहे, एवढंच. आणि तुम्ही आत्ता म्हणालात ना की जहाजाची सहल ठरवलीय, दहा दिवस, सात बंदरं, म्हणून तर मी सगळी लाज गुंडाळून ठेवून सांगायला बसलोय. एरवी मी हे माझ्या सख्ख्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही.

तर मूळ काय, तर माझी नोकरी. एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनवर सुपरवायझर, रोज अकराशे ताटं! सकाळी आत शिरायचं, प्रत्येक पातेल्याचं झाकण उचलायचं, वास घ्यायचा, चमचाभर चाखायचं आणि शेरेबुकात शेरा लिहायचा, खाली सही, सहीखाली हुद्दा. एकतीस वर्षं! मग निवृत्त झालो म्हणून हात निवृत्त होतो काय हो? कुणाकडे जेवायला गेलो की पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळतात, झाकण दिसलं की उचललं जातं. भाचीच्या लग्नात आचाऱ्याला मी सगळ्यांसमोर नखं दाखवायला लावली, तेव्हापासून माझी मेव्हणी हिला एकटीलाच बोलावते. सवय हो, सवय! दुसरं काय?

त्यामुळे जहाजावर पाय ठेवायच्या आधी, बरं का, धक्क्यावरच, सामान खाली ठेवून ही म्हणाली, "अहो, एक ऐकाल? तीस वर्षं मी तुमच्याबरोबर बाहेर जेवताना मान खाली घालून जेवलेय. ही एक सहल मला मान वर करून जेवू द्या. एक जरी झाकण उचललंत, एक जरी शेरा दिलात, तर ह्यापुढे चारचौघांत मी तुमच्या टेबलावर बसायची नाही."

मी म्हटलं, हात्तिच्या! एवढंच ना?

आणि तुम्हाला सांगतो, चार दिवस मी पाळलं! जहाजावर जेवणाचं दालन म्हणजे काय, चाळीस पातेली ओळीनं मांडलेली, चाळीस झाकणं, चकचकीत... आणि मी हात पाठीमागे बांधून फिरतोय! एका आचाऱ्यानं टोपी कानामागे सरकवलेली होती, केस बाहेर, मी बघितलं, मी गिळलं. ही खूष. चौथ्या दिवशी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं गोड वाढलंन, म्हणाली, "अगदी शहाण्यासारखे वागताय हं!" लग्नानंतर पहिल्यांदा असं म्हणाली हो.

पाचव्या दिवशी बंदर आलं. तिकिटातच होतं सगळं: बोटीतून उतरायचं, गाव बघायचं, आणि दुपारी तिथलं घरगुती जेवण. आमच्या पुढं एक वाटाडी बाई, लाल छत्री उंच धरून चालणारी, आपण तिला छत्रीवाली म्हणू. तिला आपली भाषा मोडकीतोडकी बोलता यायची, वाचता नाही. तिनं बजावलं, बाजारामागची गल्ली, निळं दार, आत जाऊन बसा. बाजारात माझ्या बुटाची नाडी तुटली, मी वाकलो, बांधली, उठलो, तर छत्री गायब! म्हटलं, असू दे, पत्ता ठाऊक आहे. गल्ली सापडली. निळं दार सापडलं. सताड उघडं! आत माणसं, टेबल, ताटं, गरम वास. ही म्हणाली, "आपली माणसं दिसत नाहीत हो कुणी." मी म्हटलं, येतील. बस.

आता मला सांगा, एका गल्लीत दोन निळी दारं असतील हे माणसानं ओळखायचं कसं?

आम्ही आत शिरलो तशी एक चाळिशीची बाई पुढं आली, आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलंन. हिनं नमस्कार केला. तिनं मान हलवली आणि आम्हाला आत घेतलं. मला खिडकीजवळची जागा लागते. तिथं एक म्हातारा नुसता उभा होता, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी त्याला खूण केली, जरा सरकता का? आणि बसलो. त्यानं स्वतः ती खुर्ची माझ्यासाठी आत सरकवली. मी हिला म्हटलं, वेटर वयस्कर आहे, पण रीत आहे त्याला!

मग लागलो वाट बघायला. पाच मिनिटं, दहा मिनिटं... कुणी विचारायला येईना. सगळे आपले उभे, हळू आवाजात बोलतायत. मी टाळी वाजवली. हो, वाजवली! सगळ्यांनी वळून बघितलं. मग पाणी आलं. टेबलावर एका बाईचा फोटो होता, चौकटीत, हसरा, मी म्हटलं, ही संस्थापिका असणार. आणि फोटोसमोर मेणबत्ती, भरदुपारी! आता जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती म्हणजे अन्नात काजळी, हे मी एकतीस वर्षं शिकवलंय. मी फुंकर मारली.

म्हाताऱ्यानं ती पुन्हा लावली. मी म्हटलं, इथला नियम दिसतोय.

मासा आला, बटाटे आले, जाड पाव आला. मीठ कमी. आता मी काय करायला पाहिजे होतं? वरून मीठ मागून घ्यायला पाहिजे होतं! पण समोर आतलं दार उघडं, चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यावर झाकण... आणि ही फोटोकडे बघत कसला तरी विचार करत होती. मी उठलो. सवय हो, सवय!

झाकण उचललं, वास घेतला, चाखलं, फळीवरून बोट फिरवलं. तीच चाळिशीची बाई तिथं उभी, डोळे लालभडक. मी म्हटलं, कांदा! कांदा पाण्यात ठेवून चिरावा, असं मी तिला खुणेनं समजावलं. केस मोकळे होते तिचे. मी खिशातला रुमाल काढला, नवा होता, घडी मोडलेली नव्हती, आणि तिच्या डोक्यावर बांधला. हे असं असावं, म्हणून डोक्यावर दोनदा थोपटलं. तर तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जी रडायला लागली... मी मनात म्हटलं, बघा! इतक्या वर्षांत कुणी प्रेमानं चूक दाखवली नसेल बिचारीला.

मी अगदी भारावून बाहेर आलो. दाराशी उंच स्टुलावर एक जाड वही आणि पेन. येणारा जाणारा त्यात काही ना काही लिहीत होता. शेरेबुक! निवृत्तीनंतर पहिल्यांदा समोर शेरेबुक! आता तुम्हीच सांगा, मी काय दगड आहे? एक स्वच्छ पान घेतलं आणि आपल्या भाषेत, ठळक अक्षरात लिहिलं. "पदार्थ मोजके पण गरम. मीठ कमी. सेवा संथ. सर्वांचा काळा गणवेश उत्तम. कर्मचाऱ्यांचे चेहरे पडलेले, पाहुण्यांशी हसून बोलावे. सुधारणेस वाव आहे." खाली सही. सहीखाली हुद्दा.

तेवढ्यात छत्रीवाली धापा टाकत दारात! "तुम्ही इथं? आपलं जेवण पुढच्या..." आणि थांबली. फोटो बघितला. छत्री मिटली. म्हाताऱ्याजवळ गेली, त्याच्याशी काहीतरी बोलली, परत आली तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक. म्हणाली, "हे हॉटेल नाही. हे ह्यांचं घर आहे. ह्यांची बायको परवा गेली, आत आहे ती ह्यांची मुलगी. आज लोक भेटायला येतायत. तुम्ही तिच्या ओळखीचे, लांबून आलात, असं वाटलं त्यांना, म्हणून त्यांनी तुम्हाला तिच्या खुर्चीत बसवलं."

तिच्या खुर्चीत...

अहो, धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, मी खरंच खाली बघितलं. फरशी होती. मी टाळी वाजवली होती त्या घरात! मेणबत्ती विझवली होती! त्या लेकीला कांदा शिकवला होता! मी हिच्याकडे बघितलं, तर हिला माझ्या आधीच कळलेलं. ही म्हाताऱ्याशेजारी उभी, त्याचा हात हातात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण म्हाताऱ्यानं ती वही आणली. माझं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. छत्रीवाली म्हणाली, "आजच्या सगळ्या पानांत हे सर्वांत लांब आहे. त्यांना ऐकायचंय, काय लिहिलंय."

मी वही हातात घेतली आणि नुसताच खोकलो. सगळी खोली माझ्याकडे बघतेय... हिनं वही माझ्या हातातून घेतली. चष्मा लावला. आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली हो, वाचायला! छत्रीवाली एकेक वाक्य त्यांना सांगतेय.

'मीठ कमी' ह्यावर बोट, आणि ही म्हणते, "आम्ही ह्या बाईंना कधी भेटलो नाही. पण त्यांच्या घरचं जेवलो."

'सेवा संथ' ह्यावर बोट, "इथं कुणी आम्हाला घाई केली नाही, कोण तुम्ही म्हणून विचारलं नाही."

'चेहरे पडलेले' ह्यावर बोट आलं. मग म्हणाली, "एक माणूस गेल्यावर ज्या घरात एवढे चेहरे उतरतात, त्या माणसानं जन्मभर मनापासून वाढलेलं असणार."

म्हातारा रडला. उभ्या उभ्या, लहान मुलासारखा. मग त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, हे राहिलं की! 'सुधारणेस वाव आहे.' हिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ते माझ्या नवऱ्याबद्दल आहे."

बोटीकडे परत निघालो. मी म्हटलं, तू किती छान... तर म्हणाली, "छान? तुमच्यासाठी नाही केलं ते. त्या माणसासाठी केलं." आणि जहाजावर जेवायला गेलो तर दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मान वर करून! उरलेले पाच दिवस मी एकटा. चाळीस झाकणं समोर, आणि एकालाही हात लावावासा वाटेना. आणि तुम्हाला वाटेल, गेलं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं!

दोन महिन्यांनी छत्रीवालीचा निरोप आला, सोबत फोटो. म्हातारा मूळचा सुतार. त्यानं वहीतलं माझं पान अलगद कापून काढलं, स्वतःच्या हातानं नक्षीची चौकट केली, काच बसवली, आणि बायकोच्या फोटोखाली, बरोबर दारासमोर, भिंतीवर लावलं. अक्षर न् अक्षर वाचता येतंय! "पाहुण्यांशी हसून बोलावे." खाली माझी सही. सहीखाली हुद्दा!

आता ते तिथून हलायचं नाही. आणि त्या बंदरात आपली माणसं जाणारच, दरवर्षी जाणार, कुणाच्या तरी बुटाची नाडी तुटणार, आणि तो चुकून त्याच निळ्या दारात शिरणार... तेव्हा तुम्हीही त्याच बंदरात जाताय तर एक विनंती आहे. हात जोडतो. म्हातारा वाचून दाखवा म्हणेलच, येईल त्याला म्हणत असणार. तर हिनं सांगितलं तेच सांगा. शब्द चुकवू नका, हवं तर लिहून घ्या, पुन्हा सांगतो. आम्ही ह्या बाईंना कधी भेटलो नाही, पण...

काय? काय झालं? तिकडून ही का बघतेय अशी? माझ्या हातात... अरे! हे झाकण मी कधी उचललं?

ठेवतो, ठेवतो. आता घरी जाताना रिक्षासुद्धा वेगळी करील.