दहा लाख तीनची वाटणी

तुम्हाला सांगतो, काजूच्या बागेच्या वाटणीवरून मी आणि दादा कोर्टात भांडत होतो. एकदा तारीख आटोपून दोघेही एकाच एसटीने, एक शब्द न बोलता, दमून घरी आलो. पडवीतच दादाच्या मुलीने मला गाठलं. मी गणिताचा मास्तर ना!

"काका, दहा लाख तीनाक खयच्या आकड्यान भाग जाता?"

"एक आणि तो स्वतः सोडल्यास कशानच नाय गो. मूळ संख्या ती."

चपला काढता काढता दादा थांबला. कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलला.

"इतक्या मोठ्या आकड्याची सारखी वाटणीच होणा नाय?"

"नाय."

दादा पायरीवर टेकला.

"बरा आसा रे तेचा. तेका कोर्टात जावचा लागणा नाय."