भरलेला कप

(गालीलच्या डोंगरातलं मॅरोनाइट ख्रिस्ती गाव. सोमवारची सकाळ. राफ्काच्या अंगणात गावचे पाद्री, अबूना मित्री. मध्ये कॉफीचे दोन कप.)

राफ्का : निवतेय ती. घ्या ना.

अबूना : आधी माझं मागणं मान्य कर, मग पितो. मागणं मान्य होईपर्यंत कप भरलेलाच ठेवायचा, ही रीत तुला माहीत आहे.

राफ्का : भावाची वकिली करायला आलात.

अबूना : काल उपासनेत वेदीवरून शांतीची खूण निघाली, एकाने दुसऱ्याचे हात हातात घेत रांगेरांगेने मागे चालली होती. तुझ्यापाशी आली आणि तू हात मांडीवर ठेवलेस! शेजारी तुझा भाऊ शिहादे हात पुढे करून बसलेला. मागच्या तीन रांगा कोरड्या राहिल्या.

राफ्का : त्यांचा एक रविवार कोरडा गेला. माझे चौदा महिने झाले.

अबूना : सख्खा भाऊ आहे गं. प्रभूने काय सांगितलंय? अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर.

राफ्का : ते ज्याने दुखावलंय त्याला सांगितलंय. आला का शिहादे माझ्या दारात? अर्पण मात्र दर रविवारी आणतो, आणि तुम्ही घेता.

अबूना : अपघातात लेक गेली तुझी. कळतं मला.

राफ्का : गेली ती गेली. पण गाडी वर्दाच चालवत होती, असं मामाने ठाण्यात लिहून दिलं. का, तर आपला मुलगा जुबरान सुटावा! आता गाव म्हणतं, स्वतः मेली आणि रस्त्यावरच्या म्हातारीलाही घेऊन गेली. घाबरट होती हो माझी पोर, कधी स्टिअरिंगला हात लावला नाही तिने.

अबूना : गावात दोन तट पडले असते. निदान शांती तरी राहिली.

राफ्का : जखमेवर नुसतं फडकं टाकून शांती म्हणणाऱ्यांवर यिर्मया संदेष्टा किती चिडलाय, ते लहानपणी तुम्हीच शिकवलंत. मोडलेलं भरून दिल्याशिवाय शास्त्रात शांती नाही, म्हणायचात.

अबूना : म्हणून शिहादेला हात द्यायचा नाही?

राफ्का : त्याला द्यायचा प्रश्नच आला नाही. मी ती शांतीच घेतली नाही. कुणाच्या हातातून निघते हो ती?

अबूना : ...माझ्या.

राफ्का : आणि वर्दाला गाडीतून काढलं कुणी? कुठल्या जागेवरून काढलंत, अबूना?

अबूना : राफ्का, जाऊ दे.

राफ्का : सांगा.

अबूना : स्टिअरिंगवर जुबरान होता. वर्दा शेजारी.

राफ्का : हे ठाण्यात सांगा.

अबूना : पोरगा तुरुंगात जाईल. गाव पेटेल. एवढं मागू नकोस माझ्याकडे. निघतो मी, कॉफी राहू दे.

राफ्का : बसा. माझा कपही भरलेलाच आहे, अबूना.