पाणी दाखवणारा दिवा

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तो उन्हाळा. सरजाबाईंच्या रानातले दोन्ही बोअर कोरडे गेलेले. उदगीरच्या एका गॅरेजात त्या आपली जीप नीट व्हायची वाट बघत बसल्या होत्या. पुढं माणिकप्पा नावाचे शेतकरी आपल्या गाडीतल्या एका दिव्याकडं बोट दाखवत मिस्त्रीवर तापले होते.

"रज्जाकभाई, हा दिवा लागला की पाणी हाय, असं तूच बोललास."

"हाव, बोललो."

"मग? सगळ्या रानात गाडी फिरवली. लिंबाखाली दिवा लागला. तिथंच बोअर पाडला. सहाशे फूट निव्वळ फुफाटा!"

"अप्पा, डिझेलात पाणी आलं की तो दिवा लागतो. जमिनीतलं त्याला काय कळतंय?"

"पाणी हुडकणाऱ्या पाणाड्याच्या हातावरल्या नारळाला कळतं, अन् एवढ्या शिकलेल्या गाडीला कळत न्हाई?"

रज्जाकभाईनं कपाळावर हात मारला, खाली वाकून डिझेल फिल्टरचा नट सोडला. पेलाभर पाणी निघालं. गाडी चालू केली, तर दिवा गेलेला.

"बघा. हे पाणी दाखवत होती ती."

"म्हंजे पाणी निघालंच की! गाडी खोटी न्हाई. माझीच जागा चुकली."

सरजाबाई ताडकन उठल्या.

"मिस्त्री, ते पाणी सांडू नका. परत ह्याच गाडीत वता. आमचं रान बघायचं राहिलंय."